चिपळूणची आई नागपुरात

नागपूरहून परत येऊन आता महिना होत आला, तरी आमच्या आळीत जो भेटतो तो पहिलं हेच विचारतो, "संत्री आणलीत ना?" आणली होती, घरोघर वाटलीही. मग दुसरा प्रश्न येतो, "काय काय पाहिलंत?" आणि इथे माझी पंचाईत होते. सीताबर्डीचा किल्ला बाजारातून मान वर करून दिसला तेवढा. भोसल्यांचं काही पाहिलं नाही. बागा, संग्रहालयं राहूनच गेली. चिपळूणहून इतक्या लांब जाऊन यांनी केलं तरी काय, असं लोकांना वाटतं. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आम्ही नागपूर पाहायला गेलो नव्हतो. आमची मुलगी आणायला गेलो होतो.

धाकट्या नंदूच्या वेळी डॉक्टरांनी मला अंथरुणातून उठायचीसुद्धा बंदी केली तेव्हा मंजू तीन वर्षांची होती. घरात सासूबाई नाहीत, माझी आई गुडघ्यांनी अधू. ह्यांची मोठी बहीण, कुसुमवन्सं, नागपूरहून धावत आल्या. चार दिवस राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "सुधा, मंजूला मी नेते. तू बाळाचं बघ." वन्संना मूलबाळ नाही. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. पण नंदू वेळेआधी आला, कोकमाएवढं तोंड घेऊन. मग त्याची छाती भरायची, मग आमचा कोकणातला पाऊस. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दीड वर्ष गेलं. दिवाळीच्या सुट्टीत एकदाचे निघालो. मी, मांडीवर नंदू, आणि हे. हे इथल्या शाळेत मराठी शिकवतात. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

स्टेशन

गाडी सकाळी पोचली. डब्यातून उतरले तेव्हा थंडीने दात वाजले. आमच्याकडे त्या दिवसांत पंखा लावून झोपतात. फलाटावर वन्संचे यजमान, बापूराव, उभे होते. उंच, काळेसावळे, गळ्यात मफलर. आणि त्यांच्या खांद्यावर एक मुलगी बसलेली. दोन वेण्या, लाल रिबिनी, डोक्याला कानटोपी. मला क्षणभर कळलंच नाही. मी जिला पाठवलं होतं ती गुबगुबीत होती, तिचे केस मानेवर येत होते.

"मंजू!" मी हाक मारली.

तिने बापूरावांच्या मफलरात तोंड लपवलं. मग एक डोळा बाहेर काढून माझ्या कडेवरच्या नंदूकडे पाहिलं आणि विचारलं, "हे पोट्टं कोनाचं होय?"

बापूराव गडबडले. "अवं, तुहा भाऊ होय ना तो! सांगतलं नव्हतं का मी?"

हे पुढे झाले. दीड वर्षाने मुलगी भेटत होती. पण माणूस मास्तरच. म्हणाले, "बाळ, कोनाचं नाही म्हणायचं. कोणाचं. ण."

मंजूने बापाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काहून बे?"

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तिकडे 'का'ला काहून म्हणतात, ते ठीक. पण 'बे' हे नाक्यावरच्या पोरांनी एकमेकांना म्हणायचं. बापूरावांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "कोलनीतल्या पोट्ट्यांपाशी शिकली जी," ते म्हणाले, "घरी नाही बोलत आमी असं." हे वाकले, ट्रंक उचलली आणि चालू लागले. पुढे गेल्यावर मला दिसलं, त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, ते मी विचारलं नाही.

कोराडी

बापूराव कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरवर आहेत. वसाहत गावापासून लांब, बसने जावं लागतं. बसमध्ये मंजू बापूरावांच्या मांडीवर बसून माझ्याकडे चोरून पाहत होती. मी हसले की मान वळवी. बऱ्याच वेळाने तीच पहिल्यांदा आपणहून बोलली. खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाली, "थे पाय, मामाजीची चिमणी."

आत्याच्या यजमानांना तिकडे मामाजी म्हणतात. मला केवढा आनंद झाला! मी खिडकीशी वाकून तारांवर, झाडांवर, कौलांवर चिमणी शोधू लागले. "कुठाय गं? मला नाही दिसली. उडाली वाटतं."

"उडन कशी?" मंजू म्हणाली. "थे का, धूर सोडून राहिली."

क्षितिजावर वीजकेंद्राचं धुरांडं उभं होतं, आभाळाला टेकलेलं. सगळी बस हसली. मंजूही हसली, आणि मग मला बरं वाटावं म्हणून असेल, समजुतीने म्हणाली, "तुमच्या गावाले नसंल ना."

तुमच्या गावाले. मी नंदूचं टोपरं नीट करत बसले.

वन्सं दारात उभ्या होत्या. स्टेशनवर का आल्या नाहीत, हे मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "स्वयंपाक व्हायचा होता." स्वयंपाक तर केव्हाच होऊन झाकून ठेवलेला होता, ते मी आत गेल्यावर पाहिलं. मला त्यांनी घट्ट जवळ घेतलं, नंदूला घेतलं, आणि त्याच्या पायांचे मुके घेता घेता त्यांचं लक्ष सारखं मंजूकडे जात होतं.

तिथली राख हा एक वेगळाच प्रकार आहे. आमच्याकडे पावसाने कपडे वाळत नाहीत. तिथे वाळतात, पण दोरीवरून काढताना झटकावे लागतात. वन्संनी सांडगे घातले होते त्यांच्यावर जुनं पातळ ताणून बांधलेलं. सकाळी व्हरांड्याच्या कठड्यावर बारीक करडी साय धरलेली असे आणि मंजू तीत बोटाने अक्षरं काढी. 'म' काढी, 'आ' काढी. आमच्याकडे पाटी-पेन्सिलीने शिकतात तेच. ह्यांनी तिचा 'म' वाकून पाहिला आणि म्हणाले, "वळण सुंदर आहे." वन्सं लाजल्या. वळण त्यांनीच लावलं होतं.

पहिल्याच दुपारी शेजारच्या मेश्रामबाई पाहायला आल्या. मंजूने पुढे होऊन ओळख करून दिली. "काकू, हे माही चिपळूणची आई होय. अन् हे चिपळूणचे बाबा. हे पोट्टं नंदू, याले दातच नाही."

"अन् नागपूरची आई कोन वं?" मेश्रामबाईंनी सहज विचारलं.

मंजू विचारात पडली. वन्सं घाईघाईने म्हणाल्या, "असं काही नसतं. आई एकच." आणि चहा टाकायला उठल्या. मला नंतर कळलं, दीड वर्ष त्या रोज तिला माझा फोटो दाखवून म्हणत, ही तुझी आई, चिपळूणला असते. मुलीने ते जसंच्या तसं पाठ केलं होतं. वन्संनी आपल्याला आई म्हणू दिलं नाही कधी.

जेवायला पाटोडीचा रस्सा होता. आपल्या पाटवड्याच, पण लालभडक झणझणीत रश्श्यात सोडलेल्या. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, ह्यांना उचकी लागली ती थांबेना. मंजू मात्र हूं की चूं न करता ओरपत होती. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वरून तेल घ्या, मंग लागत नाही." वाढणाऱ्या बाईसारखी तेलाची वाटीही पुढे सरकवली. पाण्याचा पेला भरून दिला. फार आतिथ्य केलं पोरीने. घरी आलेल्या पाहुणीचं करावं तसं.

दुसऱ्या दिवशी मी सूड उगवायचं ठरवलं. चिपळूणहून आमसुलं नेली होती, नारळ मिळाला, झकास सोलकढी केली. मंजूने पेल्यात नाक घातलं आणि वन्संना मोठ्याने सांगितलं, "आत्या, यांचं दूध नासलं. गुलाबी झालं." तरीही, पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून, एक घोट घेतला. तो घोट ती कितीतरी वेळ गालातच धरून बसली होती.

भाषेची तर रोज गंमत. वन्सं म्हणाल्या, "मंजू, गाडीवाल्याकडून सांबार आण." मी म्हटलं, हातगाडीवर सांबार? डब्यात कसं देतात? ती कोथिंबिरीची जुडी घेऊन आली. मंजू "मी येतो, मी जातो" म्हणे, ह्यांनी "येते, जाते" असं सुधारायचं. दोन दिवस सुधारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऐकलं, हे बापूरावांना म्हणत होते, "मी आलोच, दाढी करून राहिलोय."

एक गोष्ट मात्र पाहून माझा जीव सुखावला होता. मंजूने नंदूचा ताबा घेतला होता. त्याला ओढत घरभर फिरवायची. "हे पाय, इथं पानी. हे आत्याचं कपाट, याले हात नाही लावायचा. मामाजी ड्युटीवरून आले का गप बसायचं." संत्र्याची फोड सोलून, बिया काढून त्याच्या तोंडात घालायची. त्याला सारखी म्हणायची, "म्हण, आत्या. म्हण ना, आ-त्या." नंदू तोवर एक शब्द बोलला नव्हता, डॉक्टर म्हणाले होते, उशिरा बोलेल. आणि एका सकाळी हे व्हरांड्यात पेपर वाचत असताना नंदू रांगत त्यांच्यापाशी गेला, गुडघा धरून उभा राहिला आणि चांगलं खणखणीत म्हणाला, "बे!"

मंजू टाळ्या पिटत नाचायला लागली. ह्यांनी पेपर खाली ठेवला, लेकाकडे पाहिलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "उच्चार स्पष्ट आहे."

सीताबर्डी

मंजूला माझ्या हाताने काहीतरी घ्यावं म्हणून सीताबर्डीला गेलो. आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेसारख्या दहा पेठा एकाला एक जोडल्या तर तशी गर्दी होईल. बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. कुठलं कुठे संपलं ते त्यांनाही सांगता येणार नाही. फ्रॉकच्या दुकानात मी एक हिरवा फ्रॉक काढला. मंजूने वन्संकडे पाहिलं. वन्संनी मान हलवली तेव्हा ती हो म्हणाली. मी चप्पल काढली. मंजूने वन्संकडे पाहिलं. मी रिबिनी काढल्या, तेच. शेवटी वन्सं "मी जरा तिकडे वाट्या बघते" म्हणून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. मंजूची मान तिकडे वळली ती वळलेलीच.

दुकानदार म्हातारा, गोड माणूस होता. त्याने वन्संना हाक मारली, "बाई, तुमची पोरगी लय हुशार हाय. तुमाले विचारल्याबिगर काही घेतच नाही."

"माझी नाही हो," वन्सं तिथूनच म्हणाल्या. "हिची आहे."

त्या हे माझ्यासाठी बोलल्या, मला कळलं. पण मंजूने ऐकलं. तिचा चेहरा एकदम उतरला. ती वन्संपाशी गेली, पदर धरला आणि विचारलं, "मी तुही नाही?"

वन्संच्या हातात स्टीलची वाटी होती. ती त्यांनी नुसतीच फिरवत धरली. बाहेर पडलो तेव्हा हिरवा फ्रॉक घेतला होता, पण पिशवी हातात घ्यायला मंजू तयार नव्हती. येताना बसमध्ये ती दोघींच्याही मांडीवर बसली नाही. कंडक्टरच्या बाकाशी, खांब धरून, एकटी उभी राहिली.

त्या संध्याकाळी बापूरावांनी विषय काढला. व्हरांड्यात हे बसले होते, मी नंदूला भरवत होते. बापूराव मफलरशी चाळा करत म्हणाले, "मास्तर, एक बोलू का? शाळा तं जूनमधीच सुरू होते. तंवर राहू द्या ना पोरगी. हिवाळा हाय, नंदू अजून लहान हाय, वहिनीलेही तब्येत सांभाळा लागते. जूनले मी सोताच आणून घालतो."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कठड्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "तसं पाहिलं तर... मुलगी रमली आहे."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. नंदू रडायला लागला. त्याला तसाच उचलून मी आत गेले. स्वयंपाकघरात वन्सं कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दारातून आवाज येतच होता.

"ते बोलले, ते मी सांगितलेलं नाही," मान वर न करता त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे, वन्सं."

"सुधा, तू तिला आत्ताच ने." काड्या एकीकडे, पानं एकीकडे, त्यांचे हात थांबत नव्हते. "जूनपर्यंत ठेवलीस, तर मग मीच देणार नाही. मी स्वतःला ओळखते. रडली तरी ने. आणि निघताना मला पुढे बोलावू नकोस. मी मेश्रामबाईंकडे जाऊन बसेन."

मला वाटलं होतं, भांडण झालं तर मी भांडेन. त्यासाठी दिवसभर शब्द जुळवून ठेवले होते. पण आता ते कुणाला म्हणायचे? मी खाली बसले आणि त्यांच्यासमोरची अर्धी जुडी ओढून निवडायला घेतली.

सक्करदरा

आमचं निघणं दोन दिवसांवर आलं तेव्हा बापूरावांना रजा मिळाली. लग्नानंतर वन्सं आणि ते नागपुरातच, सक्करदऱ्याला तळ्याजवळ एका खोलीत राहत. ती जागा पाहून तळ्याकाठी जेवू या, असं ठरलं. धपाटे, दही, मिरचीचा ठेचा, संत्र्यांची पिशवी. खोली राहिली नव्हती, तिथे सायकलचं दुकान झालं होतं. बापूराव दुकानासमोर उभे राहून वन्संना म्हणाले, "इथं तुही चूल होती वं," आणि वन्सं म्हणाल्या, "चूल तिकडे. इथे तुम्ही पडून असायचात." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या माहेरच्या, चिपळूणच्या कुसुमसारख्या हसल्या.

तळ्याकाठी सतरंजी पसरली. जेवणं झाली. मंजू त्या दिवशी शहाण्यासारखी वागत होती. नंदूचं तोंड तिने स्वतः पुसलं, त्याला आपली कानटोपी घातली, नेऊन वन्संच्या मांडीवर नीट बसवला आणि कमरेवर हात ठेवून सर्वांसमोर उभी राहिली.

"आपन चिपळूणले कवा जातो?" तिने मला विचारलं.

मी सरसावून बसले. "परवा. तू... तुला यायचंय?"

"हो. आता नंदू तयार झाला ना."

"कशाला तयार झाला?"

"इथं राह्याले." ती इतक्या सहज म्हणाली की प्रथम कुणालाच कळलं नाही. "मी चिपळूणले येतो, नंदू आत्यापाशी राहीन. त्याले मी सगळं शिकवलं. पानी कुठी हाय, सांबार कोनतं, मामाजीची चिमणी कोनती. 'आत्या' म्हणाले शिकून राहिला. फकत चड्डीत करते, थेवढं आत्याले पाहा लागंल."

म्हणजे गेले आठ दिवस घरभर जे चाललं होतं ते हे होतं. मी भावंडांची माया समजून सुखावत होते. पोरगी आपल्या जागी माणूस तयार करत होती.

पहिल्यांदा हे हसले. मग बापूराव. मग वन्सं. पोटाशी नंदूला धरून, मागे-पुढे होत हसल्या. आणि हसता हसता कधी त्यांनी पदर डोळ्यांना लावला ते कळलं नाही. मंजू चिडली. "हासता कायले? खरं सांगून राहिली मी."

मी तिला जवळ ओढलं. पहिल्यांदाच तिने ओढू दिलं. "मंजू, बाळाला आई लागते गं. नंदूला ठेवता येणार नाही."

"मले?"

"तुलाही लागते."

तिने यावर विचार केला. हिशेब तिला पटला असावा, पण पुरा होत नव्हता. "मंग आत्याले?"

तळ्यावर धोबी कपडे आपटत होते, त्याचा आवाज येत राहिला. बापूराव घसा खाकरून म्हणाले, "आत्याले मी हाव ना वं."

मंजूने त्यांना नीट पाहून घेतलं. "तुमी तं ड्युटीवर राहता."

या माणसाला बॉयलरच्या धगीसमोर उभं राहायची सवय आहे, पण या वाक्यासमोर त्यांची मान खाली गेली. गवताची एक काडी तोडून ते बराच वेळ तिचे तुकडे करत बसले. मग एकाएकी वन्संकडे वळून म्हणाले, "तूही जाय ना यांच्यासंगं."

"काय बोलता?"

"खरं बोलून राहिलो. माहेरपण कवाचं झालं तुह्यं? गेली होती तं ह्या पोरीले आनाले, चार दिवस. राह्य तिकडं. पोरगी रमली का ये."

"आणि तुमचं जेवण?"

"भाकर येते मले."

"कधी केली होतीत?"

"पाह्यली हाय ना करतानी!"

वन्संनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नको म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी म्हटलं, "वन्सं, चला. तुमच्या खोलीतला पाट अजून तसाच आहे. आणि ही पोरगी सोलकढी पिणार नाही, तिला पाटोडी कोण करून घालणार? मला येत नाही."

नंदूने तेवढ्यात वन्संच्या मांडीवर आपलं ते एक काम उरकलं आणि सगळ्यांना उठावंच लागलं.

परतीची वाट

स्टेशनवर मागे राहिले ते बापूराव. मंजू खिडकीच्या गजांतून त्यांना सूचना देत होती. "मामाजी, टायमावर जेवजो. मफलर घालजो. दूध सांडू नका." ते प्रत्येक गोष्टीला "हो जी, हो जी" करत होते. गाडी हलल्यावर ते थोडे धावले. एवढा उंच माणूस तसा धावताना मी पाहिलेला नाही. हे खिडकीतून हात हलवत होते. त्यांच्या ओठांतून काय निघालं ते त्यांनाही कळलं नसेल; मी ऐकलं. "येतो गा, बापूराव."

कऱ्हाडला उतरून आम्ही एस.टी. धरली. तोपर्यंत मंजू वन्संच्याच मांडीवर होती. तिथेच खाल्लं, तिथेच झोपली. मी मनाशी ठरवलं होतं, घाई करायची नाही.

पाटण गेलं, कोयना गेली आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. ज्यांनी तो उतरला आहे त्यांना सांगायला नको. दीड वर्ष सपाटीवर राहिलेल्या पोरीला असं वळण आता आठवतही नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वळणाला ती पांढरी पडली. खिडकीशी मी होते. वन्संनी तिला पटकन माझ्याकडे दिलं, पण खिडकीपर्यंत पोचायला उशीर झाला. ठेवणीतलं जांभळं पातळ मी माहेरच्या गावी शिरताना नेसावं तशा हौसेने नेसले होते. ते पदरापासून निऱ्यांपर्यंत भरलं. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी न बोलता आपलं उपरणं मागे दिलं.

मंजूने मान वर केली. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी. मला वाटलं आता ती वन्संना हाक मारेल. पण ती माझ्याचकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर असा राग होता की मी दचकले.

"तुह्या गावाचा रस्ता असा वाकडा काहून हाय?" ती ओरडली. सगळ्या बसने ऐकलं. "इतक्या दूर काहून राहतं तू? मले घ्यायले काहून नाही आली? नंदूले ठेवलं अन् मले नाही ठेवलं!" आणि दोन्ही मुठींनी तिने माझ्या छातीवर मारायला सुरुवात केली. मारता मारता रडायला लागली, मोठ्याने, गळा काढून.

हे उठले होते. मी त्यांना खुणेने बसवलं. आठ दिवस या मुलीने मला पाणी दिलं, तेल वाढलं, माझी सोलकढी गिळली. एकदाही रागावली नव्हती. मी तिला मारू दिलं. "चुकलं माझं," म्हटलं, "आता आले ना. आता नेते आहे ना." वन्संनी नंदूला छातीशी धरून तोंड दुसऱ्या खिडकीकडे केलं होतं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता डोंगराचा कातळ सरकत होता.

हळूहळू मुठी मंदावल्या. बस खाली उतरू लागली तशी हवा दमट झाली, ओल्या मातीचा वास यायला लागला. मंजूने माझ्या पदराचा त्यातल्या त्यात कोरडा कोपरा शोधला, नाक पुसलं, आणि खराब झालेल्या पातळाचा विचार न करता मांडीवर आडवी झाली. माझा हात ओढून तिने आपल्या पोटावर ठेवला.

"इथं दुखते," ती म्हणाली. "चोळ ना वं."

मी चोळू लागले. चिपळूणचा स्टँड येईपर्यंत तिने हात थांबू दिला नाही.